भिंतीतल्या मधमाश्यांना कळवलेली वार्ता

आदरणीय ऑगस्टाताईंस,

धाकट्या एडमंडचा सविनय नमस्कार. आपला गुडघा आता जिना मानतो का, ते कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. प्रतिष्ठेविषयी तसे म्हणवत नाही. पूर्वेची खोली आपण सोडलीत तशीच आहे. पत्रास कारण आहे, परंतु ते यथाक्रम येईल.

आपल्या घराच्या दक्षिण भिंतीत, तीनशे वर्षांच्या विटांमागे, आजोबांच्याही आधीपासून मधमाश्या नांदतात. घरातले जन्म, मृत्यू, विवाह त्यांना सांगितले नाहीत तर त्या रुसून घर सोडतात, या ग्रामसमजुतीबद्दल माझे मत आपण जाणता. (मधमाशीला कान नाहीत, ज्याला कान नाहीत त्याला वार्ता नाही, सबब सांगणे व्यर्थ.) परंतु गेल्या मंगळवारी त्या खरोखरच निघाल्या आणि आपल्याच कुंपणभिंतीत बसवलेल्या लाल टपालपेटीवर लोंबू लागल्या. दोन दिवस गावाला पत्र टाकता येईना. फाटकाशी माणसे लिफाफे घेऊन उभी, आणि सर्वांचा निष्कर्ष एकच: प्रोफेसरांनी काहीतरी दडवले आहे.

"सांगून टाका की हो!" विटांच्या सांध्यांत चुना भरणारा गवंडी वॅडलो शिडीवरून ओरडला. "नातीच्या वाढदिवसाचं कार्ड अडलंय माझं!"

मी त्याला वरील अनुमान तिन्ही पायऱ्यांसह ऐकवले.

"ऐकूच येत नाही म्हणता," तो म्हणाला, "मग सांगायला लाजता कशाला?"

एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. या प्रश्नातला तर्कदोष शोधत बसलो. (पाऊण तास.) अखेर रिवाजाप्रमाणे दाराची किल्ली विटेवर तीनदा वाजवून, जे होते ते हलक्या आवाजात सांगितले. तासाभरात हेस्टर पिल्बीम यांनी (ज्यांचा उल्लेख मी आजवर 'शेजारच्या बाई' एवढाच करत आलो) थवा गवती टोपलीत उतरवून घेतला. सांगितल्यामुळे तो उतरला, असे यावरून सिद्ध होत नाही.

लोभ आहे तसा राहो, ही विनंती पुढचे वाचण्यापूर्वीच करून ठेवतो.

आपला,
एडमंड

ता. क. मधमाश्यांना सांगताना वॅडलो अजून शिडीवरच, ऐकू जाईल इतक्या जवळ होता, हे माझ्या ध्यानात आले नाही. पेटी मोकळी होताच तिच्यात सतरा पत्रे पडली. त्यांतली किती आपल्या पत्त्यावर आहेत, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही. म्हणून मीच लिहितो: बारा सप्टेंबरला हेस्टर आणि मी विवाहबद्ध होत आहोत.

पुन्हा ता. क. आधी आपल्याला सांगायला हवे होते. मधमाश्यांना सांगणे सोपे गेले. त्यांना खरोखरच कान नाहीत. खोली तुझीच राहील. ताई, तू रुसू नकोस. ये.