मुनीमचा तिसरा तास

लिहून ठेवणार: श्रीमती पानबाई रूपचंद गुगळे, वय ७३ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. (प्राणिशास्त्र), राहणार नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, सकाळच्या उजेडात, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. कल्याणी वाव्हळ यांनी मला तपासून दिला असून तो सोबत जोडला आहे. ऐकू थोडे कमी येते, परंतु लिहायला कान लागत नाहीत. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. रस्त्याकडचा भाग, वरचा मजला व गच्ची माझा एकुलता मुलगा पीयूष यास द्यावी. बँकेतील ठेवीही त्यालाच. दागिने नात सिद्धी हिला. मोडून नव्या घडणीचे करायचे असल्यास तिने खुशाल करावेत. मागच्या दोन खोल्यांबाबत कलम ६ पाहावे.

कलम २. बियाण्यांचे दुकान यजमानांच्या पश्चात धाकटे दीर पारसमल चालवतात. त्यावर माझा हक्क नाही व मला तो नको आहे. माझे सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसायचे आसन आणि पोथी ठेवायची सागवानी घोडी त्यांना द्यावी. त्यांच्याबद्दल आणखी लिहायचे आहे, ते ओघाने येईल.

कलम ३. माझ्याजवळ एक राखाडी, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट आहे. त्याचे नाव मुनीम. देशी पोपट पाळणे गुन्हा आहे. हा देशी नाही, आणि त्याच्या सरकारी नोंदणीचा कागद कपाटात निळ्या फायलीत आहे. यजमानांनी तो २०१४ साली पुण्याहून पिल्लू असताना आणला. आता तो अकरा वर्षांचा आहे. ही जात चाळीस-पन्नास वर्षे जगते. म्हणजे माझ्यामागे त्याचे निदान वीस-पंचवीस वर्षे आयुष्य उरेल. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीची कलमे दोन ओळींची होती.

पहिली तीन वर्षे मुनीम दुकानात टांगलेला होता. गिऱ्हाइकांची करमणूक होत असे. त्याला रविवारी अर्धा तास बाहेर काढत. तो छातीची पिसे उपटू लागला, तेव्हा यजमान म्हणाले, "उन्हाळा आहे, हलका होतोय." मीही ते मानले. प्राणिशास्त्र शिकलेल्या बाईने हे मानायला नको होते. चूक माझी आहे, म्हणून इथे लिहिली.

२०१७ साली मी त्याला घरी आणले. पोपटाला रोज किती वेळ पिंजऱ्याबाहेर ठेवावे, हे मी तिघांना विचारले. विकणारा म्हणाला, एक तास खूप झाला. पुस्तकात दोन तास लिहिले होते. पुण्याचे पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास. तीन माणसे आणि तीन उत्तरे, तेव्हा मी पोपटालाच विचारायचे ठरवले. माझ्या पदवीचा पहिला उपयोग असा पासष्टाव्या वर्षी झाला.

पद्धत साधी होती. एक महिना रोज एकच वेळ पाळायची आणि सकाळी पिंजऱ्याच्या तळातली पिसे मोजायची. एका तासाला रोज वीसेक पिसे पडत, त्यांतली निम्मी चावलेली. दोन तासांना आठ-दहा. तीन तासांना दोन किंवा तीन, तीही आपोआप गळलेली, सबंध. पाच तास करून पाहिले, तर पिसांत फरक पडला नाही, उलट आत जाताना तो कडकडून चावू लागला. मग मी त्याला तीन तास बाहेर, पण खोलीत एकटा ठेवून पाहिला. आठ दिवसांत चावलेली पिसे परत दिसली. निष्कर्ष: रोज तीन तास, सकाळी दीड व दुपारनंतर दीड, आणि माणूस त्याच खोलीत. माणसाने बोललेच पाहिजे असे नाही. मटार सोलले तरी चालते.

कलम ४. सप्टेंबर २०२३ मध्ये माझा हात मोडला व मी चार दिवस पुण्यात दवाखान्यात होते. त्यातच पर्युषणाचा शेवटचा, संवत्सरीचा दिवस होता. आम्हा जैनांत त्या दिवशी जीव सोडवण्याचे पुण्य मोठे मानतात. पारसमल यांनी मुनीमला गच्चीवर नेले आणि पिंजरा उघडून हाकलले. मी परत आल्यावर ते म्हणाले, "भाभी, अभयदान दिलं त्याला. तुमच्याच नावाने दिलं."

मी म्हटले, "भाऊजी, तो माणसाच्या हातात वाढलाय. त्याला कावळा म्हणजे काय ते माहीत नाही."

कावळ्यांना मात्र तो कळला. दुसऱ्या दिवशी वारूळवाडीच्या शिवारात टोमॅटोच्या तारेवर तो सरूबाईला दिसला. सरूबाई चिमाजी भालेराव माझ्याकडे एकोणीस वर्षे कामाला आहे. तिने त्याला पदरात गुंडाळून आणला. "बाई, धा-बारा कावळं व्हतं. म्या ढेकळं मारली. ह्यो गप बसला व्हता, येक शबुद न्हाई. एरवी किती बडबड करतो!"

कावळ्यांनी टोचलेला पंख बरा झाला. पण मुनीम पिंजऱ्याबाहेर येईना. मी रोज तीन तास दार उघडे ठेवत होते आणि वहीत 'तीन तास' लिहीत होते. एके दिवशी सरूबाई म्हणाली, "बाई, तुमी तास कुणाचं लिवताय? दाराचं का त्याचं?" त्या दिवसापासून मी शून्य लिहू लागले, आधीचे 'तीन तास'ही खोडून शून्य केले. चौदा महिने शून्य आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो एकदा दाराच्या उंबऱ्यावर आला, सात मिनिटे बसला आणि आत गेला. ती सात मिनिटे मी लाल शाईने लिहिली आहेत. आज तो पुन्हा तीन तास बाहेर असतो. सबब ही अट स्पष्ट करते: वेळ दार उघडल्यापासून मोजू नये, पक्षी बाहेर आल्यापासून मोजावा. आणि त्याला ओढून बाहेर काढू नये.

पुढच्या संवत्सरीला पारसमल माझ्याकडे क्षमा मागायला, मिच्छामि दुक्कडम् म्हणायला आले. मी म्हटले, "मला नको, त्याला म्हणा." ते खरोखर पिंजऱ्यासमोर हात जोडून उभे राहिले. मुनीमने त्यांना कुकरची शिट्टी ऐकवली. मी त्यांना क्षमा केली आहे. पण पोपट त्यांना देणार नाही.

कलम ५. माझ्यामागे मुनीमला कोण सांभाळील, हे मी तिघांना विचारले.

पारसमल म्हणाले, "भाभी, सहा तास सोडीन, बघा तुम्ही."

पीयूष म्हणाला, "आई, मी सकाळी आठला जातो, रात्री नऊला येतो. पण रविवारी दिवसभर सोडेन. आठवड्याची सरासरी बरोबर भरेल."

"मग तूही आठवड्याचं रविवारीच जेवून घे," मी म्हटले. तो हसला. मुलगा खोटे बोलत नाही, त्याला खरोखरच वेळ नाही.

सरूबाईने भांडी घासता घासता हिशोब केला आणि म्हणाली, "दोन तास व्हतील. तीन न्हाई व्हनार. उगं व्हय म्हनून ठिवायचं आन् नंतर न्हाई करायचं, हे पाप माज्याच्यानं व्हनार न्हाई."

सहा तासांचा शब्द देणाऱ्यापेक्षा दोन तास सांगणारीवर माझा भरवसा आहे. म्हणून मुनीम, त्याचा पिंजरा आणि निळी फाइल मी सरूबाईला देते. नोंदणी तिच्या नावे करून देण्याचे काम पीयूषने करावे.

कलम ६. राहता राहिला तिसरा तास. तो कुठून आणायचा, यावर मी बरेच दिवस विचार केला. सरूबाई वारूळवाडीच्या पलीकडच्या टोकाला भाड्याने राहते. कामाची सगळी घरे नारायणगावात. यायला अर्धा तास, जायला अर्धा तास. तास तिथे आहे, रस्त्यावर सांडतो.

म्हणून घराच्या मागच्या दोन खोल्या, मोरी व मागचे दार सरूबाईला कायमच्या मालकीने देते. हे बक्षीस नाही व दयाही नाही. पोपट मेल्यास खोल्या परत घेऊ नयेत. पोपटाच्या जिवावर घर ठेवले, तर ती त्याच्या प्रत्येक शिंकेला घाबरेल, आणि घाबरलेल्या माणसाजवळ पक्षी पिंजऱ्याबाहेर येत नाही. हे पाहिलेले आहे. पीयूषला हे मान्य आहे. पारसमल यांना नसल्यास त्यांनी मला विचारायला माझ्या हयातीत यावे.

कलम ७. किरकोळ सूचना. मुनीम बाहेर असताना पंखा बंद, खिडक्यांना जाळी. कांदा-लसूण आमच्या घरात नाहीच. तो पोपटाला विषारी आहे, सरूबाईने हे ध्यानात ठेवावे. सूर्यास्तानंतर खाणे नाही. ही सवय माझ्यामुळे लागली, तिने ती मोडली तरी चालेल.

कलम ८. आठ वर्षांच्या वह्या आणि कॉलेजातली विच्छेदनाची पेटी सिद्धीला. ती अकरावी सायन्सला आहे. तिने मला विचारले होते, "आजी, तो बाहेर आला म्हणून खूश असतो, की तू तिथे बसतेस म्हणून? तू बंद पिंजऱ्याजवळ नुसती तीन तास बसलीस तर?" हा प्रयोग मला सुचला नाही, याचे वाईट वाटते. तो तिने करावा, मात्र एकच महिना, आणि पिसे वाढल्यास लगेच थांबवावा.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पीयूषने करावी. सरूबाईला लाभ मिळत असल्यामुळे तिला साक्षीदार केलेले नाही. ती दाराशी उभी राहून ऐकत आहे, तो भाग वेगळा.

वरील सर्व माझ्या मृत्यूनंतर अमलात यावे. अपवाद कलम ६ चा. मागच्या खोल्यांची किल्ली मी आज सकाळीच सरूबाईला दिली. तिसरा तास खरोखर निघतो की नाही, हे मला स्वतः पाहायचे आहे. उद्यापासून वहीत तिच्या नावाचा वेगळा रकाना आहे.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

(सही) पानबाई रूपचंद गुगळे

साक्षीदार, ज्यांनी माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या:
१. (सही) डॉ. कल्याणी वाव्हळ, नारायणगाव
२. (सही) हनुमंत डोंगरे, शेजारी, नारायणगाव

स्थळ: नारायणगाव, ता. जुन्नर
दिनांक: ११ डिसेंबर २०२५