समोरच्या घराची किल्ली

अहो,

सुमन विचारते, वर ‘प्रिय’ घालू का? मी म्हटलं, जन्मभर ‘अहो’वर भागलं, आता फोटोत गेल्यावर कसले नवीन लाड! ती हसली आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. तुमचीच लेक. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आणि ती लिहिते. माझ्या ‘हाय’चं मधनंमधनं ‘आहे’ करते. करू दे.

आजच का लिहायला घेतलं? तर समोरचं घर आज आपलं झालं. खरेदीखत मागंच झालं होतं, पण सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नावं चढल्याशिवाय तुम्ही खरेदी पुरी मानली नसती. त्याला आधी नोटीस, मग हरकतीची मुदत, मग साहेब रजेवर, मग साहेबांची बदली. शेवटी आज दुपारी आपला विलास उतारा घेऊन आला. तुम्ही असता तर पेढे आधी तालमीत वाटले असते आणि रिकामा पुडा घरी आणला असता!

घर घ्यायला एवढा वेळ लागतो का हो? साठेखत केलं तेव्हा सुमन दोन वेण्या घालून शाळेला जायची. आता तिची पोरगी जाते. वकिलाकडं तेव्हा टाईपरायटर खडखडायचा. आता कॉम्प्युटरसमोर बसवून फोटो काढतात आणि हलू नका म्हणतात. ह्या वयात कुठं हलणार मी?

साठेखत म्हणजे नुसता शब्द, कागदावर लिहिलेला. पण घरमालक बसाप्पांनी त्याच दिवशी किल्ली तुमच्या हातात ठेवली. राहायला या, म्हणाले, कागद होतील सावकाश. आणि तुम्ही काय केलं? किल्ली आणून आपल्या भाड्याच्या खोलीत, देवाशेजारच्या खिळ्याला अडकवली. ‘खरेदी झाल्याबिगर त्या घराचा उंबरा वलांडायचा न्हाय. कुणीच.’

कुणीच म्हणजे मीसुद्धा! रोज सकाळी दारात सडा मारताना ते घर समोर. पाऊसकाळात त्याच्या कौलावर गवत उगवायचं, ते मी इथनं बघायची. आपलं असून पावण्यासारखं बघायचं, हे तुम्हाला बरं जमायचं. माझा मात्र जीव जायचा.

मग वकिलांनी जुने उतारे काढले आणि त्यात बसाप्पांची बहीण निघाली. शांतक्का. संकेश्वरला दिलेली. घर वडिलांचं, म्हणून तिचंही नाव. तिनं हक्कसोड लिहून द्यावं, म्हणजे माझा ह्या घरावर हक्क राहिला नाही अशी सही करावी, की लगेच खरेदी. आपल्याला वाटलं, बहीणच तर आहे, आठवड्याचं काम.

किती खेपा घातल्या तुम्ही संकेश्वरला! वकील नेला, पुढारी नेला, तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा गुऱ्हाळवाला नेला. ती सगळ्यांना बसायला पाट द्यायची, चहा द्यायची, सही तेवढी द्यायची नाही. तुम्ही रात्रीच्या एसटीनं परत यायचा आणि चपला काढता काढता म्हणायचा, ‘लय हेकट बाई.’

‘पण का न्हाय म्हणती ती? इचारलं का?’

‘तू भाकरी वाढ. ह्यात बायकांनी पडायचं न्हाय.’

वाढली भाकरी. पण तुम्ही एवढी माणसं नेलीत, एकदा मला नेलं असतं तर एसटी काय जड झाली असती का?

आणि मग तुम्हीच गेलात. दवाखान्यात शेवटी शेवटी दुसरं काही विचारत नव्हता. मी जवळ आले की, ‘सही झाली?’ मी म्हणायची, ‘होईल.’ तुम्ही मान हलवायचा, जशी काही मीच रजिस्ट्रार.

तेराव्यानंतर वकीलसाहेब आले. तुमच्या फोटोला हात जोडले, चहा प्याले आणि म्हणाले, ‘काकू, आता आपल्या बाजूचेही वारस आले.’ बघा! जिवंतपणी कागद कमी पडले, म्हणून जातानाही वाढवून गेलात. मग त्यांनी विलासला बाजूला घेऊन सांगितलं, ताईंची हक्कसोडीवर सही घेऊन टाका, म्हणजे पुढं खरेदी तुमच्या एकट्याच्या नावानं सुटसुटीत.

विलास काही वाईट नाही. त्यानं सरळ विचार केला, की ताई पंचमीला येणारच आहे शिरोळहून, तेव्हाच सही घेऊ, वेगळी खेप नको. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पंचमीला आली सुमन. सकाळी नागोबाला लाह्या-दूध वाहिलं, पुरणाची दिंडं उकडली. दुपारी कासारीण दारात बसली आणि सुमननं दोन्ही हात भरून हिरवी काकणं घातली. ती तिथनं उठते न उठते तोवर विलासनं कागद पुढं केला. ‘ताई, एवढी सही कर गं.’

सुमननं पेन घेतलं. काकणं वाजली. कागद वाचला आणि हसून म्हणाली, ‘करतो की सही. पण फुडच्या पंचमीला बोलावशील नव्हं रं?’

चेष्टाच केली तिनं. पण मी म्हटलं, ‘ठेव ते पेन खाली.’

(आत्ता लिहिता लिहिता ही थांबली आहे. लिही गं, तुझंच चाललंय.)

दुसऱ्या दिवशी मी सुमनला घेऊन संकेश्वर गाठलं. कागद नाही, वकील नाही. शांतक्कानं पाट दिला, चहा दिला. मी म्हटलं, ‘अक्का, सहीला न्हाय आलो. एक इचारायला आलो. तुम्हाला पंचमीला बोलावून कागद फुडं केला व्हता काय?’

तिनं चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलं?’

‘कुणी न्हाय. माझ्या घरात काल तेच झालं.’

मग ती बोलली. वडील गेल्यावर भावानं पंचमीला बोलावणंच सोडलं होतं. आणि एका वर्षी अचानक न्यायला मुराळी आला. ही काय हरखली! नवीन लुगडं नेसून गेली. काकणं भरून झाली आणि ताटाशेजारी हा कागद. ‘जेवलो न्हाय मी. तशीच आलो एसटीला. तुझा नवरा चांगला माणूस गं, पण दर खेपेला त्योच कागद आणायचा. मी सही केली की माझं माहेर संपलं. मग मी पंचमीला कुठं बघू?’

ऐकलंत? हेकट म्हणत होता ना?

मी म्हटलं, ‘फुडच्या पंचमीला माझ्याकडं या. विलास न्यायला येईल. कागद न्हाय दिसणार.’

आणि आली ती! त्या दिवशी मी तुमच्या खिळ्यावरनं पहिल्यांदा किल्ली काढली. रागावू नका, उंबरा मी ओलांडला नाही. कुलूप काढून विलाससुद्धा मागं सरला. मी बाहेर पायरीवर बसले. शांतक्का आत गेली, स्वतःच्या घरात जावं तशी. कुठल्या भिंतीवर नागोबा काढायचे, झोका कुठल्या तुळईला होता, सगळं हात लावून लावून सुमनला आतनं सांगत होती, आणि सुमन उंबऱ्याबाहेरनं ऐकत होती. मग शांतक्का दाराशी आली. ती आत, सुमन बाहेर, अशी सुमननं तिची ओटी भरली.

तेव्हा तीच म्हणाली, ‘कुठं हाय तुमचा कागद? आणा.’

मी म्हटलं, ‘अक्का, आज पंचमी. आज भाजीसुद्धा चिरत न्हाय आपण. आज काय तोडायचं न्हाय.’

‘मग आत ये तरी. बाहेर का बसलीस?’

‘ह्यांचा शब्द हाय. खरेदी झाल्याबिगर न्हाय.’

तिनं माझ्याकडं आणि माझ्या हातातल्या किल्लीकडं आळीपाळीनं बघितलं. आणि म्हणाली, ‘अय्य शिवा! माझ्यापायी तू बाहेर हायस व्हय एवढी वर्षं?’

सणवार उलटल्यावर ती आपणहून रजिस्टर ऑफिसात आली. कानडीत सही केली. बसाप्पा खाली मान घालून बसले होते. सही झाल्यावर तिनं त्यांना एवढंच विचारलं, ‘जेवलास का रे?’ म्हातारा गडी तिथंच रडायला लागला. मी अंगठा दिला. तुमची आठवण आली, पण रडले नाही. फोटो काढत होते ना, हलायचं नव्हतं.

सुमनचा हक्कसोडीचा कागद विलासनंच फाडला. मी डोळे मोठे केले होते, ते सोडा. वकील म्हणाले, पुढं विकताना तिघांच्या सह्या लागतील, वेळ जाईल. मी म्हटलं, जाऊ दे की, आम्हाला वेळ घालवायची सवय झालीय!

आता शब्द देते, सुमन लिहून घेते आहे, म्हणजे फिरवता यायचा नाही. मी आहे तोवर शांतक्काला दर पंचमीला मुराळी जाईल, आणि माझ्यामागं विलास नेईल. ह्या घराच्या लेकीपुढं काकणं भरल्यावर कधी कागद येणार नाही. सुमनचं नाव उताऱ्यावर आहे, ते राहील.

आणि तुमचंही नाव आहे बरं का. खरेदीखत वाचून घेतलं मी. ‘मयत’ असं पुढं लावून का होईना, पहिल्या पानावर तुम्हीच आहात. उद्या सकाळी आम्ही कुलूप काढतोय. मी उजवं पाऊल आत टाकीन आणि दार उघडंच ठेवीन. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, उंबऱ्याशीच थांबाल, कागद झाला का म्हणून विचाराल.

झाला हो. या आत.

तुमची,
(इथं माझा डावा अंगठा. शाई सुमननं जास्तच लावली आहे.)