जोडीचा सूर

३ फेब्रुवारी
मनूने आज लॅपटॉपमध्ये सनई दाखवली! कीबोर्डची पट्टी दाबली की सनई, दुसरं काही निवडलं की सारंगी, सतार. आमची लेक लग्नांच्या व्हिडिओंना संगीत लावते, अर्धं शहापूर तिच्या खोलीत वाजत असतं. "कुणीतरी खरी सनई एकेक स्वर वाजवून भरून ठेवलीय गं आई. आपण नुसती बोटं फिरवायची." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने शिकवलेला पियानो असा कामी आला. बोटं जड झालीत, पण विसरलेली नाहीत.

माझ्या लग्नात सनई वाजली नाही. आणि सासर वाजंत्र्यांचं!

५ फेब्रुवारी
मला लग्नाचा तोच एक दिवस आठवत राहतो. कचेरीत सह्या करून आम्ही दोघं धसईला घरी गेलो. हे सनई वाजवायचे, धाकटे भगीरथभाऊजी शेजारी बसून एकच सूर धरायचे. भाऊजी ओट्यावरून उठले. "गावाची लग्नं आमी वाजवायची नि तू कचेरीत सही करून येनार? मग वाजव एकटा!"

त्या घरात सूर धरणारा नसेल तर सनईला तोंड लावत नाहीत. ह्यांनी लावलं नाही. वाशिंदच्या कारखान्यात निवृत्तीपर्यंत नोकरी केली. भावाशी बोलणं कार्यापुरतं.

किती वाटतं, एकदा ऐकावी. ह्यांची.

९ फेब्रुवारी
लग्नातली एक चाल बसवली. हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "ही तुझी सनईबाई दम कवा घेते गो?"
मी हसले.
"नि एकटीच हिंडतेय. जोड कुठाय हिची?"

१० फेब्रुवारी
मनूने लॅपटॉपमधून जोडीचा नुसता सूरही शोधून दिला. न तुटता, हवा तेवढा वेळ! तो लावला आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं. बाहेर हे पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.

१३ फेब्रुवारी
काही नाही.

१६ फेब्रुवारी
ह्यांनी कपाटावरून सनई काढली! सोबत डबीत फुंकायच्या पत्त्या, सगळ्या कोऱ्या. "म्हशाच्या जत्रेला गेलो की घेतो. जुनी सुकते." — आणि मी समजायचे बैल बघायला जातात!

मला सूर लावायला सांगितला. पहिला आवाज रेडकाच्या ओरडण्यासारखा. मनू फिसकन हसली, हेही हसले. मग एक ओळ लागली. थरथरती, पण लागली. अर्ध्यावर थांबून लॅपटॉपकडे पाहत राहिले.
"ह्यो सूर माझ्याकडं बघत नाय."
सनई फडक्यात गुंडाळून ठेवली.

मनूने मोबाइलवर टिपलं होतं. धसईला काकांना पाठवूनसुद्धा दिलं — न विचारता! मी रागावले.

१८ फेब्रुवारी
भाऊजींनी ऐकलंय, मोबाइलवर निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही. हे दहादा विचारतात, "मनूचा फोन चालू हाय ना?"

२१ फेब्रुवारी
मी लॅपटॉपवर सूर लावून बसले होते, तेवढ्यात दुपारच्या एसटीने भगीरथभाऊजी आले. दारातूनच, "वहिनी, तो मशिनीतला पयला बंद करा!" पाणीसुद्धा न पिता पिशवीतून आपली सुराची सनई काढून ह्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.
सूर लागला.
मी आत जाऊन लग्नाची हिरवी साडी नेसले.