पत्ता ठाऊक नसलेली बहीण

चि. गुंड्यास,
ताईचे आशीर्वाद, आज निम्मेच.

१२ मार्चला सकाळी अकरा वाजता तू कोर्टात शपथेवर सांगितलंस, की परदेशी लेकीकडे राहणाऱ्या बहिणीचा पत्ता ठाऊक नाही. म्हणून माझं समन्स तिकडच्या पेपरात छापलं गेलं. मी हजर झाले नाही, की आईचं घर एकट्या तुझं! कात्रण तुझ्याच बायकोनं पाठवलं. तिला एक शब्द बोललास तर याद राख.

त्याच आठवड्यात तुझ्या नातीनं काढलेलं मांजराचं चित्र तू मला इथे धाडलंस, फ्लॅटच्या नंबरासकट. पाकिटावर तुझंच कोंबडीच्या पायांसारखं अक्षर आहे. जपून ठेवलंय.

रीतसर समन्स इथल्या कोर्टामार्फत, भाषांतरासह यायला सहा महिने लागतात. तेवढा धीर तुला कधीच नव्हता.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

खोटं बोललं की शाळेत सिस्टर शंभर ओळी लिहायला लावायच्या. मला दोनच हव्यात: बहिणीचा पत्ता ठाऊक आहे, समन्स तिथे पाठवा. त्या कोर्टात दे. नक्कल ३० एप्रिलला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवी. नाहीतर मांजर आणि पाकीट घेऊन मीच कोर्टात उभी राहते.

तुझी,
ताई