बर्निसबाईंचा सत्कार आणि उरलेली सहा मिनिटं

वर्तकनगर, ठाणे

तीर्थरूप शेवंतीआत्येस,

प्राप्तीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? गळ्याचं विचारत नाही. "माजा गला बसलाय गो, आता डीजेलाच नाचवा," हे उत्तर तीन वर्षं ऐकतेय. यज्ञेशदादाच्या हळदीलाही तेच सांगून तू गाणार नाहीस, असं पप्पा म्हणाले. म्हणून हे पत्र.

परवा आमच्या मंडळात बर्निसबाई आल्या होत्या. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या, वय चौऱ्याहत्तर. तिकडच्या गावाकडची गाणी स्वतः रचून गिटारवर गातात. (बी.ए.चा माझा प्रकल्प यांच्यावरच होता.) रेकॉर्ड कंपनीने दोनदा काढून टाकलं, पुरात घर गेलं, घशाचं ऑपरेशन झालं, बाईंनी पट्टी खाली उतरवली आणि पुढचं गाणं लिहिलं. पन्नास वर्षांत त्यांना कुणी गप्प करू शकलं नव्हतं. ते आम्ही करून दाखवलं, सत्कार करून.

सहाला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल. अध्यक्ष सुधीरकाकांनी ती इतक्या प्रेमाने पांघरली की गिटारही आत गेली. एका हातात नारळ, दुसऱ्यात दोन किलोंचं स्मृतिचिन्ह. वाजवायला हातच उरला नाही. त्यानंतर परिचय. काका इतके गहिवरून वाचत होते की शेजारच्या हेमाकाकूंनी मला हळूच विचारलं, "अगं, गेल्या कधी या?" परिचय पंचावन्न मिनिटं चालला. (तो कुणी लिहिला हा प्रश्न गौण आहे. बावीस पानं होती आणि गाळण्यासारखी एकही ओळ नव्हती.)

हॉल आठला रिकामा करायचा होता. सहा मिनिटं उरली तेव्हा काका म्हणाले, "आता आभारप्रदर्शन." बाईंनी नारळ काकांच्या हातात दिला, स्मृतिचिन्ह माझ्या, आणि शालीतून गिटार सोडवून गायला सुरुवात केली. आवाज फाटका, आत्ये, अगदी फाटका. जिथे चढत नाही तिथे त्या सरळ बोलतात. हेमाकाकूंना इंग्रजी येत नाही, तरी त्या रडल्या. नंतर मी बाईंना आवाजाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, लोक माझ्या आवाजासाठी येत असते तर केव्हाच यायचे थांबले असते.

तू तर हळदीला नवऱ्याच्या मामापासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांना उभ्या उभ्या गाण्यात ओवायचीस. डीजेला आमच्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नाही. तरी माझा आग्रह नाही. तब्येत सांभाळ.

तुझी,
प्राप्ती

ता. क. : डीजेवाल्याला मी काल परस्पर नको म्हणून कळवलं आहे. पप्पांना अजून माहीत नाही.

आणखी एक : दादालाही नाही. त्याच्या चार मित्रांनी डीजेपुढे नाचायला खास रजा काढली आहे. शुक्रवारी संध्याकाळी हळदीत ते मला शोधायला लागतील, त्याआधी तू गायला लागलेली असायला हवीस.