वेणीनं नोकरी का सोडली

बेंगळुरू,
१४ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

नमस्कार. शेंगाचटणी पोचली. माझा खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या सुमनाचं लग्न ठरलं, छान झालं. हरिनाथ दिसायला चांगला आहे, ऑफिसात वजनही आहे. तू विचारतेस, त्याच्या हाताखालची, सुमनाबरोबरची नोकरी मी का सोडली. सुमनानं तुला सांगितलंय, वेणीला काम जमलं नाही. तसंच समज, एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. नाही जमलं.

त्या दिवशी गिऱ्हाईक आलं होतं. प्रोग्राम माझा, चालवायला बसली सुमना. त्यातल्या फाईली एकमेकींना शेजारीण म्हणून हाक मारतात. सगळा फोल्डर बाहेरून, पूर्ण नावानं चालवला तर त्या एकमेकींना ओळखतात. एकीलाच आतून उचलून चालवलं, तर आपण कुठल्या घरातली हेच तिला कळत नाही. सुमनाला मी हे बजावलं होतं. तरी तिनं आतलीच फाईल चालवली. पडद्यावर चूक उमटली: पालक माहीत नाही.

हरिनाथनं ती मोठ्यानं वाचली. माझ्याकडे वळून म्हणाला, "वेणी, फाईल तुझ्यावरच गेली की गं. आई-बापाचा पत्ता नाही."

सगळे हसले. सुमनाही. मी तिला बाजूला सारून प्रोग्राम बाहेरून चालवला, नीट चालला. गिऱ्हाईकानं शाबासकी दिली ती हरिनाथला.

तू मला लहानपणी हुबळी स्टेशनवरून उचलून आणलंस, हे इथं सुमनाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. जिन्यात गाठून तिला विचारलं, त्याला का सांगितलंस. ती शांतपणे म्हणाली, "खोटं काय बोलला तो? आईनं वाढवलं म्हणून तू तिची झालीस होय?"

दुपारीच राजीनामा दिला. तिच्या बोलण्याचं मला फार लागलं नाही, अक्का. वाटलं, अक्काला कळलं तर कान धरेल तिचा.

परवा लग्नाची पत्रिका आली. खाली घरातल्या सगळ्यांची नावं आहेत, मामांच्या तान्ह्या नातवाचंसुद्धा. माझं नाही. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, 'सासरच्यांना उगाच खुलासे नकोत. तू समजूतदार आहेस. चार दिवस आधी ये, स्वयंपाकघरात माणूस लागेल.'

मला यायला जमणार नाही. तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंत. प्रकृतीला जपा.

आपली नम्र,
नागवेणी