शिंगाळ्याचा काटा

मंगळवार, संध्याकाळ

दीड महिना ताप, तीन डॉक्टर, आणि एकानंही ह्यांचा हात बघितला नाय. हृदयाच्या झडपेला जंतू लागले, ते बहुतेक दातांतून जातात म्हणून सगळे दातच तपासत बसले. पालघरच्या डॉक्टरनं विचारलं होतं, "कुठं जखम झालेली का?" मीच नाय म्हणाले. जाळ्यातून शिंगाळा मासा सोडवताना बोटात काटा घुसतो, त्याला आमच्यात कोण जखम म्हणतं?

आज नव्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांचं ते काटा लागून जांभळं पडलेलं बोट धरलं. "मावशी, मासळीचे जंतू इथूनच आत गेले असतील. औषध आजच बदलते, रक्त परत तपासू, शुक्रवारी रिपोर्ट येईल."

हे म्हणाले, "इतकी वर्षं मी मासे खाल्ले, आता मासा मला खातोय."

मला ना हसू आलं, ना रडू. मग बाईंना म्हटलं, "शुक्रवारपर्यंत सांगा, झडप वाचते की छाती फाडून बदलायची."